मांडवाखालून गेलेला पाया

कोलशेतला खड्ड्यांना तोटा नाही. तरी रिक्षात बसून नुसतं "खड्डा" म्हटलं की रिक्षावाला एकाच ठिकाणी आणून सोडायचा. कंपनीतल्या कामगारांनी एके काळी पोटाला चिमटा काढून बांधलेली सोसायटी तिथे उभी होती. बिल्डिंग म्हातारी झाली, धोकादायक ठरली. मग एक बिल्डर गोड बोलत आला. त्याने पेढे वाटले, बिल्डिंग पाडली, पायासाठी हा भला थोरला खड्डा खणला, आणि त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद झाला. पहिल्या वर्षी माणसं खड्ड्याकडे बघून शिव्या द्यायची. दुसऱ्या वर्षी त्यात बेडूक ओरडायला लागले, तेव्हा शिव्याही संपल्या.

बिल्डरकडून भाडं मिळेनासं झाल्यावर सोसायटीतली माणसं पांगली. कोणी दिव्याला गेलं, कोणी डोंबिवलीला. सगळ्यात लांब गेला गुणाजी. मूळचा लांज्याकडचा, कंपनीत फिटर, आणि स्वभावाने एकदम हट्टी. त्याला परवडणारी खोली मिळाली ती खडवलीला. तिथे नदी होती, झाडं होती, हवा चांगली होती, पण त्याची बायको सुमती त्या हवेला एकदाही चांगलं म्हणाली नाही. बिल्डिंग पडत होती तेव्हा ती समोरच्या फुटपाथवर उभी होती. आपल्या स्वयंपाकघराची निळी भिंत चारचौघांत उघडी पडलेली तिने बघितली, पदर तोंडाला लावला, आणि त्यानंतर कोलशेतात पाऊल टाकलं नाही. नातेवाइकांचं लग्न ठाण्यात असलं तरी ती स्टेशनावरूनच परत फिरायची.

गुणाजी मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी खडवलीहून येऊन खड्डा बघून जायचा. खड्ड्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मग तो आजूबाजूचं बघायचा. दुसऱ्याचं घर उभं राहिलं की जळणारी माणसं असतात. हा गडी खूष व्हायचा. कंपन्या बंद पडल्यावर कोलशेतवर जी अवकळा आली होती ती त्याने स्वतः भोगली होती. तुटकी कुंपणं, गंजलेली गेटं, दिवसाढवळ्या ओस पडलेले रस्ते. आता त्याच जमिनीवर टोलेजंग इमारती वर जात होत्या. पलीकडच्या जुन्या सोसायटीने पडायचं नाकारून डागडुजी करून घेतली होती. खांबांना नवं सिमेंट, गच्चीला पाणी न गळणारा लेप, आणि वर फिकट हिरवा रंग. बंद शटरांच्या जागी दवाखाना आला, भाजीवाल्या आल्या, संध्याकाळी बाकावर म्हातारे दिसायला लागले. गुणाजी एखाद्या साइटच्या पत्र्याच्या फटीतून सळ्या बांधणाऱ्यांचे हात बघत उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, काय सुबक काम आहे लेकाचं! मग मागे वळला की पुन्हा आपला खड्डा.

त्या खड्ड्याला वाली मिळाला तो स्वप्नाच्या रूपाने. स्वप्ना ही बाबुरावांची मुलगी. बाबुराव आणि गुणाजी एका शिफ्टचे, एका डब्यात जेवलेले. बाबुराव बुद्धविहाराच्या कमिटीत आणि गुणाजी गणपतीच्या मंडळात, त्यामुळे दोघांचं भांडण दर शनिवारी ठरलेलं आणि सोमवारचा डबाही ठरलेला. घर परत मिळण्याची वाट बघताबघताच बाबुराव गेले. त्यांची ही पोर नौपाड्यात एका वकिलाच्या ऑफिसात काम करायची. सोसायटीचं सेक्रेटरीपद कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं, ते तिने घेतलं. लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीखातर करते आहे, चार महिने करील आणि दमेल.

ती दमली नाही. ऑफिसातून सुटली की कोर्ट, महापालिका, बँक, आर्किटेक्ट असे खेटे घालत तिने आधी त्या पळपुट्या बिल्डरचा करार मोडून घेतला, आणि मग एका सभेत उभी राहून म्हणाली की आता दुसरा बिल्डर नको, आपली बिल्डिंग आपणच बांधू. सभा हसली. भिंतीत खिळा ठोकायचा तर सुताराला हाक मारणारी आपण माणसं, बिल्डिंग कुठली बांधतो! पण ती हसणाऱ्यांवर चिडली नाही की रडली नाही. कर्ज कसं मिळतं, परवानगी कशी मिळते, ठेकेदार कसा नेमतात, हे तिने पुन्हापुन्हा सांगितलं, दिव्याला जाऊन सांगितलं, डोंबिवलीला जाऊन सांगितलं, खडवलीला सुमतीच्या हातचा चहा पिऊनही सांगितलं. गुणाजीला तिचा असा अभिमान वाटायचा की जणू त्यानेच तिला शिकवलं होतं. खरं तर त्याने तिला फक्त लहानपणी पतंग उडवायला शिकवला होता, तोही धड नाही.

सगळेच काही तिच्या बाजूचे नव्हते. दौलत विरुद्ध होता. दौलत वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. त्याची आई भाड्याच्या खोलीतच वारली होती आणि वडील आता अंथरुणाला खिळले होते. एका नव्या बिल्डरने येऊन घरं बांधून देण्याची तयारी दाखवली होती. घर थोडं लहान मिळेल, पण डोक्याला ताप नाही, असं दौलतचं म्हणणं होतं, आणि निम्मी सोसायटी मान डोलवत होती. शेवटी असं ठरलं की स्वप्नाला एक संधी द्यायची. पावसाआधी खड्ड्यात राफ्ट पडला पाहिजे. राफ्ट म्हणजे पायाचा तो अखंड जाड स्लॅब, ज्यावर सगळी बिल्डिंग उभी राहते. तो नीट पडला तर दौलतचे लोक गप्प बसतील. नाही पडला, तर त्यानंतरच्या रविवारच्या सभेत नव्या बिल्डरच्या करारावर सह्या.

आता तारीख कोणती? स्वप्ना म्हणाली, काँक्रीटच्या गाड्या मिळतील तो वार. इथे गुणाजीतला कोकणी माणूस जागा झाला. पाया भरायचा आणि मुहूर्त बघायचा नाही? मागच्या वेळी त्या बिल्डरने अमावास्येला कुदळ मारली होती, त्याचं काय झालं ते दिसतंय समोर. बाकीच्या म्हाताऱ्यांनी त्याची री ओढली. स्वप्नाचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता आणि ते गुणाजीला ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुझा बा असता तर हसला असता मला. पण एवढं माझं ऐक, पोरी."

"ठीक आहे काका," ती म्हणाली. "माल तुमच्या मुहूर्तावर पडेल. फक्त तो वेळेत पोचवायची जबाबदारी पंचांग घेत नाही, ती माझ्यावर येते."

गुणाजीने गावच्या भटजींना फोन लावला. भटजींनी वैशाखातला असा दिवस काढून दिला की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आणि तिथेच घोळ झाला. शुभ दिवस काही एकट्या गुणाजीसाठी उगवत नाही, ही साधी गोष्ट त्या मुहूर्तवेड्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आली नाही. गल्लीच्या तोंडाशी भिवा पाटलाचं घर होतं, भिवाच्या मुलाचं लग्न होतं, आणि त्याच्या भटजीनेही हळदीला नेमका तोच दिवस काढला होता. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे घरातल्या चार बायकांनी उरकायचं काम नव्हे. लग्न एकवेळ साधं होईल, पण हळदीला अख्खा गाव जेवतो, रस्त्यावर मांडव पडतो आणि डीजेच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरतात. खड्ड्याकडे जायला गल्ली एकच, आणि मांडव पडणार तो त्याच गल्लीत.

तारीख बदलावी तर ठेकेदाराला पुढच्या गाड्या पावसाआधी मिळत नव्हत्या. स्वप्ना भिवाकडे गेली, सोबत पडेल चेहऱ्याने गुणाजी. भिवा म्हणजे मोठं प्रस्थ, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि आवाज असा की खाडीपलीकडे जावा. पण त्याने दोघांचं सगळं ऐकून घेतलं. दुपारपर्यंत रस्ता मोकळा ठेवतो म्हणाला. मांडवाचे दोन्ही अंगांचे खांब सकाळी उभे करू, पण मधला मुहूर्ताचा खांब, ती मेढ, तुमच्या गाड्या गेल्यावरच रोवू. तुमचा खड्डा बुजला तर गल्लीलाही बरं, डास तरी कमी होतील, एवढं बोलून त्याने दोघांना कोल्ड्रिंक पाजलं. गुणाजी बाहेर येऊन म्हणाला, माणूस मोठा आहे. स्वप्नाने नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि हसली.

त्या दिवशी सकाळी खडवलीहून निघताना गुणाजी सुमतीला म्हणाला, चल ना, आज तरी. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"झालं तर फोन करा," ती म्हणाली. "नाही झालं तर करू नका. मला परत आशेला नका लावू. मी इथे राहायची सवय करून घेईन."

गुणाजी चपलेत पाय घालता घालता थांबला. आयुष्यभर या बाईने तक्रारी केल्या होत्या, भांडणं केली होती, पण असं थंड आवाजात ती कधी बोलली नव्हती. राफ्ट पडला नाही तर सोसायटी नव्या बिल्डरच्या हातात जाईल, ते एक. पण त्याची बायको या घराची वाट बघायची कायमची सोडून देईल, हे त्याला त्याहून जास्त लागलं.

साइटवर मात्र गेल्यागेल्या त्याचं मन हरखलं. खड्डा ओळखू येत नव्हता. पाणी उपसलेलं, तळ सपाट, आणि त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सळ्यांची दुहेरी जाळी अशी बांधलेली की सुगरण बाईने कुरडया घालाव्यात. ठेकेदाराचा इंजिनीअर विनीत, पस्तिशीचा, बोलायला कमी आणि बघायला बारीक, जाळीवरून पाय जपून टाकत शेवटची तपासणी करत होता. गुणाजीने नारळ फोडला. शेजारीच स्वप्नाच्या आईने, भीमाबाईंनी, हात जोडून त्रिशरण म्हटलं, आणि गुणाजीसकट सगळे जोडलेल्या हातांनीच उभे राहिले. मग पहिली गाडी खड्ड्याच्या कडेला लागली, तिचं पोट फिरलं, आणि करडा माल पन्हळीतून सळसळत जाळीत उतरला. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

सकाळभर काम असं झालं की दृष्ट लागावी. गाडीमागून गाडी येत होती. मजूर गमबूट घालून मालात उतरले होते, व्हायब्रेटरची जाड नळी घुरघुरत होती, आणि मागे गवंडी फळीने माल सपाट करत सरकत होते. स्वप्ना छत्री मिटून हातात धरून या कडेवरून त्या कडेला फिरत होती. दौलतही आला होता, पांढरा शर्ट घालून. तो लांब एका खांबाला टेकून उभा होता. दुपारी एकच गाडी उरली. खड्ड्याचा एकच कोपरा उरला, लिफ्ट जिथे बसणार होती तो.

ती शेवटची गाडी घोडबंदर रोडला अडकली. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता. विनीत ड्रायव्हरला फोन करत होता, ड्रायव्हर तेच तेच सांगत होता. भिवाने दिलेली वेळ टळली. भिवा थांबला. त्याचा भटजी घड्याळ दाखवायला लागला, तरी थांबला. मग घरातल्या बायका बाहेर आल्या, मुहूर्त निघून चालला होता, आणि भिवाला पुढे काही म्हणता आलं नाही. रस्त्याच्या मधोमध त्याने मेढ रोवली. आंब्याचा टहाळा, हळदकुंकू, नारळ. वर कापड ताणलं, नवरदेव पाटावर बसला, डीजे सुरू झाला. आणि मांडव पूर्ण सजल्यावर, गल्लीच्या तोंडाशी, पोट फिरवत ती गाडी येऊन उभी राहिली.

विनीतचा चेहरा बघून गुणाजीला काय ते समजलं. विनीतने स्वप्नाला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हात हा माल लवकर आवळतो, म्हणजे घट्ट होत जातो. आधी टाकलेला माल आवळायच्या आत कोपरा भरला नाही तर तिथे जोड राहील. दुसरीकडे कुठे जोड राहिला असता तर काहीतरी करता आलं असतं, पण हा लिफ्टचा खड्डा; जमिनीतलं पाणी त्या जोडातून आत येत राहील. तसा राफ्ट तो पास करणार नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, मी खोटी सही करू शकत नाही." स्वप्ना म्हणाली, "तुम्ही केलीत तर मीच तुम्हाला काढून टाकीन."

इकडे सोसायटीच्या लोकांचं डोकं फिरलं. जो तो मांडवाकडे धावला. मेढ उपटा, कापड गुंडाळा, गाडी जाऊ दे, मग घाला परत. एकाने पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला. मांडवातले तरुण बाह्या सरसावून पुढे आले. डीजे बंद झाला. हळदीने पिवळा झालेला भिवा गर्दीतून वाट काढत आला, आणि त्याची नजर गुणाजीवर थांबली.

"गुणाजीभाव, मी तुमची वाट पायली का नाय?" तो म्हणाला. "आता मेढ रोवली. रोवलेली मेढ उपटाची? तुमीच सांगा, मी उपटतू."

सगळे गुणाजीकडे बघायला लागले. त्याच्या डोळ्यांसमोर भाकरी थापणारी सुमती आली. एक शब्द बोलला असता तर भिवाने मेढ उपटली असती, हे त्याला दिसत होतं. त्या माणसाने जबान दिली होती. आणि त्या पोराच्या संसाराला कायमची रुखरुख लागली असती. ज्या मुहूर्ताच्या हट्टापायी हे सगळं झालं, तोच मुहूर्त आता दुसऱ्याचा मोडायचा?

"नाही," तो म्हणाला. "लग्नाआधी मेढ उपटत नाहीत. राहू दे ती."

मागून कोणीतरी कपाळावर हात मारला. दौलत खांबाजवळून हलला नाही, पण त्याचा फोन वाजायला लागला होता. दिव्या-डोंबिवलीतले लोक विचारत होते काय झालं. गुणाजीला स्वप्नाकडे बघायची हिंमत होत नव्हती. ही पोर इतकी वर्षं खस्ता खात आली, आणि आपण आधी मुहूर्ताने आणि आता मेढीने तिच्या कामावर पाणी ओतलं. तिने चार शब्द सुनावले असते तरी त्याने मान खाली घालून ऐकले असते.

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती मांडवाकडे बघत होती, मेढीच्या दोन्ही अंगांनी ये-जा करणाऱ्या माणसांकडे.

"गाडी जात नाही," ती म्हणाली. "पण माणसं जातायत की. घमेली किती आहेत आपल्याकडे?"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग विनीतला कळलं आणि तो पळत सुटला. पंप आणि गाड्या येण्याआधी स्लॅब असेच पडायचे, हातोहात, घमेल्या-घमेल्याने. गल्लीच्या तोंडाशी ताडपत्री अंथरली, गाडीने तिच्यावर थोडा थोडा माल सोडायचा, फावड्याने घमेली भरायची, आणि ती मांडवाखालून, पाटावरच्या नवरदेवाच्या शेजारून, खड्ड्याच्या कडेपर्यंत द्यायची. साइटवरची घमेली पुरेनात. हिरव्या बिल्डिंगमधून घमेली आली, कुंड्यांखालच्या थाळ्या आल्या, रंगाच्या बादल्या आल्या. भिवाचा आचारी आपल्या परातींवर आडवा झाला. जेवण कशात वाढू म्हणून तो गयावया करायला लागला, तेव्हा त्याला सोडून दिलं.

रांग लागली, पण लांबी मोठी आणि माणसं थोडी. सोसायटीतले निम्मे लोक साठीच्या पुढचे. दोन माणसांमध्ये इतकं अंतर पडत होतं की घमेलं घेऊन चालावं लागत होतं, आणि मालाचं घमेलं घेऊन चालणं म्हणजे काय ते ज्याने नेलंय त्यालाच माहीत. विनीत मालात बोट खुपसून बघत होता आणि ओठ चावत होता. असं चाललं तर होणार नव्हतं.

तेव्हा भिवाची आई उठली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, नातवाला हळद लावायला पाटाशेजारी बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. ती मांडवातल्या आपल्या माणसांवर अशी काही कडाडली की डीजेची गरज उरली नाही. मांडवाखालून दुसऱ्याचं घर चाललंय आणि तुम्ही बसून बघता? असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. शब्द जरा तिखट होते. आधी भिवाने साखळी सदऱ्यात कोंबली आणि तो गुणाजीशेजारी येऊन उभा राहिला. मग त्याचे भाऊ, मेहुणे, जावई. मग पिवळ्या साड्यांतल्या बायका पदर खोचून आल्या. रांगेतली अंतरं मिटली. खांद्याला खांदा लागला, आणि घमेली चालायच्या ऐवजी पळायला लागली.

डीजेवाल्याला राहवेना. त्याने आवाज बेताचा ठेवून ठेका धरला, आणि त्या ठेक्यावर घमेली या हातातून त्या हातात जायला लागली. भरलेली खड्ड्याकडे, रिकामी गाडीकडे. नवरदेव पाटावर बसून तळमळत होता. त्याला पाट सोडायची मुभा नव्हती. प्रत्येक घमेल्याच्या कडेला हळदीची बोटं उमटत होती आणि सिमेंटच्या शिंतोड्यांनी हळदीच्या साड्या करड्या होत होत्या. भीमाबाई रांगेच्या कडेने फिरत प्रत्येकाच्या तोंडात पाणी ओतत होत्या, कारण हात कोणाचेच रिकामे नव्हते.

गुणाजीच्या दंडात गोळे आले होते. त्याला ते जाणवत नव्हतं. उभ्या जन्मात त्याने मोठमोठी यंत्रं जोडली होती, टॉवर वर जाताना बघितले होते, क्रेनना मनातल्या मनात सलाम ठोकले होते. पण असं काम त्याने बघितलं नव्हतं. ज्यांना या बिल्डिंगमध्ये एक खिडकीसुद्धा मिळणार नव्हती, ती माणसं लग्नाच्या कपड्यांत तिचा पाया वाहून नेत होती. आणि ताडपत्रीपाशी स्वप्ना होती. केसांत सिमेंट, हातात फावडं, आवाज बसलेला. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते वाहू दिलं.

खड्ड्याच्या टोकाला सोसायटीतले एक जुने सभासद धाप लागून मटकन खाली बसले. त्यांच्याकडे येणारं भरलेलं घमेलं अधांतरी राहिलं. मागून एक पांढरी बाही पुढे आली आणि तिने ते घमेलं धरलं. तो दौलत होता. त्याने ते पुढे दिलं, पुढच्यासाठी हात मागे केला, तेही पुढे दिलं. रांग थांबली नाही.

ताडपत्री झटकून शेवटचं घमेलं गेलं तेव्हा उन्हं उतरली होती. खाली व्हायब्रेटर घुरघुरला आणि थांबला. विनीत गुडघ्यावर बसून कोपरा बघत राहिला. जिथे जुना माल आणि नवा माल भेटत होता तिथे त्याने सळई खुपसली, फिरवली, पुन्हा खुपसली. सगळी गल्ली त्या सळईकडे बघत होती, नवरदेवासकट. विनीतने वर बघितलं.

"एकजीव झालाय," तो म्हणाला.

मग जो कल्लोळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. भिवाच्या आईने उरलेली हळद हाताला लागेल त्याच्या गालाला फासली; स्वप्नाला फासली, विनीतला फासली, गुणाजीच्या टकलालाही सोडलं नाही. सगळ्यांनी पंगतीला बसायचं, असं भिवाने ओरडून सांगितलं. सोसायटीतले दोघंतिघं स्वप्नाभोवती जमले आणि रविवारच्या सभेचं काय, असं हळूच विचारायला लागले. दौलत नळाखाली हात धूत होता. त्याचा शर्ट आता पांढरा म्हणण्यासारखा राहिला नव्हता. त्याच्यापर्यंत तो प्रश्न पोचला.

"सभेचं राहू दे," तो मान न वळवता म्हणाला. "या उन्हात सुका राहिला तर स्लॅब तडकेल. रविवारी पाणी मारायला कोण येतंय तेवढं सांगा."

स्वप्नाने तोंड फिरवलं आणि ओढणीने चेहरा पुसला; सिमेंट, हळद आणि जे काही होतं ते सगळं पुसलं.

गुणाजी मांडवाच्या बाहेर आला आणि त्याने खडवलीला फोन लावला. पहिल्याच रिंगला सुमतीने उचलला, पण ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही. काय काय सांगावं हे गुणाजीला सुचेना. मेढ, घमेली, म्हातारी, पांढरी बाही, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं काहीच बाहेर पडेना. शेवटी तो एवढंच म्हणाला की पडला स्लॅब, आणि दौलत विचारतोय, रविवारी पाणी मारायला कोण येतंय.

फोन कट झाला की काय म्हणून गुणाजीने तो कानापासून काढून बघितला, परत लावला.

"तिथे नळी आहे," सुमतीने विचारलं, "की मी बादली घेऊन येऊ?"